भिंतीवरचं रक्त नागाचं आहे

अब्दुलमुती, लेकरा, उंबरठ्यावरच थांब आणि हे वाच. घडलं ते सगळं सांगते. शेजारचा फतही गाडी आणायला गेलाय, सबाहचं डोकं माझ्या मांडीवर आहे.

भिंतीवरचं रक्त नव्या नागाचं आहे, तुझ्या बायकोचं नाही. त्याचं मुंडकं रांजणाखाली गेलंय. चिमट्यानेच काढ, तुटलेलं मुंडकंही चावतं.

दात अजून काढले नाहीत, असं तू सकाळी बजावून गेलास. मला वाटलं, नागाला आपल्या पीराची शपथ घातली की दातांचं काय भय! रेडिओवर शेखसाहेबांचं पीराच्या स्तुतीचं कवन रंगात आलं होतं, मीही भरात होते; सबाहला म्हटलं, नाग धर. सबाह म्हणाली, "सासूबाई, हे येऊ देत ना, मग धरते." मी हसले. "गारुड्याची सून आणि सापाला भिते? उद्या उंदराला सलाम करशील!" मग बिचारीने हात पुढे केला.

नागाने अंगठा धरला तो सोडेना. तिने हात भिंतीवर आपटला. मी जबडा फाडून त्याला ओढून काढलं आणि पितळी बत्त्याने ठेचत राहिले, मेल्यावरसुद्धा, मुंडकं तुटेपर्यंत. साप न मारण्याची आपल्या घराची आण माझ्या हातून मोडली.

आम्ही कना शहरातल्या इस्पितळात असू. ती बोलतेय अजून, पण पापण्या मिटताहेत. तिची शाल आण.

वाटेत दर्ग्यापाशी क्षणभर उतर. तिथल्या गाणाऱ्याला सांग, आजच्या बैठकीत पहिली दुआ सबाहच्या नावाने माग. माझं नाव घेऊ नकोस म्हणावं.

आई