सोळा गेजचं झाकण

३ नोव्हेंबर, सकाळ
सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडतोय. नऊ वर्षं झाली, बास. आमच्या लेकीला, प्राचीला, नाशकात डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, म्हणून बाळंतपणाला मी आणि बायकोने, वैजयंतीने, तिकडे जायचं. तारीख २४ ची, आमची तिकिटं १४ ची. पहिलं नातवंड आहे. आजोबा हजर पाहिजेच.

जाता जाता एक काम चोख करतोय. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला जीआय पत्र्याचं नवं झाकण. शिरवण्याचा फॅब्रिकेटर नंदकिशोर म्हणाला, काका, बावीस गेज पुष्कळ झालं, आठ बाय चारचा पत्रा एकोणीस किलो भरतो. मी सोळा सांगितलं. अडतीस किलो. असे दोन पत्रे, खाली अँगलची फ्रेम. गेजचा नंबर कमी तेवढा पत्रा जाड, हे अख्ख्या सोसायटीत मला एकट्याला माहीत आहे. आधीचं झाकण वाऱ्याने उडालं. हे उडवून दाखवा म्हणावं.

५ नोव्हेंबर
झाकण बसलं. सहा माणसं, दोन दोर. कड्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. कडी दिसली की चोराला उचलावंसं वाटतं.

८ नोव्हेंबर
नव्या सेक्रेटरी शर्मिला घरत यांना चार्ज द्यायला गेलो. बाई म्हणाल्या, टाकी साफ केल्याचा रिपोर्ट द्या, मग सही करते. किरकोळ गोष्ट. उद्या उरकतो.

९ नोव्हेंबर, दुपारी १
टाकी धुणारे दोघे आले. अर्धा तास खटपट करून त्यांनी विचारलं, हे उघडतं कुठून? मजबुतीचं याहून मोठं सर्टिफिकेट नाही. हल्लीची पोरं नीट जेवत नाहीत, हा खरा प्रॉब्लेम.

११ नोव्हेंबर
दर साफसफाईला सहा माणसं आणायला कमिटीचा नकार. नंदकिशोर म्हणतो, मधे चौकोन कापतो, बावीस गेजचं छोटं दार बसवतो, चाळीस मिनिटांचं काम. साफ नाही म्हटलं. जीआय कापला की कडेचं जस्त जातं, गंज धरतो. कारण शुद्ध टेक्निकल आहे, इगोचा संबंध नाही. वैजयंती म्हणाली, आहे.

१३ नोव्हेंबर
मीटिंगमध्ये एकमताने ठरलं, झाकण उघडल्याशिवाय मला मोकळं करायचं नाही. लोकांचा जीव आहे माझ्यावर. तळमजल्याचे एक सभासद म्हणाले, तुम्ही बसवलंत, तुम्हीच निस्तरा. त्यांची प्रेम करायची पद्धत तशीच आहे.

१४ नोव्हेंबर
वैजयंती एकटीच गेली. डिंकाचे लाडू, दुपटी, सगळं घेऊन. दोन दिवसांत येतो म्हटलं. ती म्हणाली, पत्रा सांभाळा.

१७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०
पहार घेऊन स्वतः चढलो. कंबर धरली. झाकण शाबूत.

२० नोव्हेंबर
अजून आडवाच. प्राचीचा फोन. बाबा, कधी येताय? ऑफिशियल अडचण आहे म्हटलं. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. लेक तिकडे दिवस मोजतेय आणि मी इथे कंबरेला शेक घेत एका पत्र्याची राखण करतोय. लाज वाटली. फार वाटली.

२२ नोव्हेंबर
नंदकिशोरला फोन करून काप म्हटलं. ही माघार नव्हे. टेक्निकल पुनर्विचार. उद्या येतो म्हणाला.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
चाळीस म्हणाला होता, पस्तीस मिनिटांत कापलं. टाकी धुतली, रिपोर्ट मिळाला, चार्ज दिला, सही झाली. सुटलो! बॅग भरली. सकाळची बस. आता फोन बघतो, आधी कटर, मग टाकीची धुलाई, दिवसभर रिंग ऐकूच आली नाही.

६:१०
वैजयंतीचे सात मिस्ड कॉल.

२४ नोव्हेंबर, सकाळी १०
मुलगी झाली. काल दुपारी. दोघी सुखरूप. रात्री फोनवर सकाळच्या बसने निघतोच म्हटलं, तर वैजयंती म्हणाली, आता नका येऊ. व्याही-विहीणबाई आल्यात, घरात पाय ठेवायला जागा नाही, बारशालाच या. म्हटलं, अगं, पण आता मी मोकळा आहे. ती म्हणाली, ठेवते, बाळ उठलंय.

बॅग रिकामी करत होतो तेवढ्यात शर्मिलाबाई दारात. तुम्ही आता घरीच असता, तर टाकीच्या नव्या दाराची चावी तुमच्याकडेच ठेवू का, विचारत होत्या.

ठेवा म्हटलं.