तिसऱ्या कडव्याची चाल

९ फेब्रुवारी, लातूर
आज परत कोसळलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, खाली ‘कर्नेल पॅनिक’. नळाचं पाणी भरून आत आलो तर हे. लॅपटॉप मात्र शाबूत, घड्याळ चालू. फक्त त्याच्या पोटातलं जुनं यंत्र मेलेलं.

लेकीनं, मीनलनं, पुण्याहून येऊन बसवून दिलं तेव्हा सांगितलं होतं, “अप्पा, लॅपटॉप म्हणजे यजमान. आत तुमच्या शाळेचा जुना कॉम्प्युटर पाहुणा म्हणून राहतो.” खरा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. त्याची हार्ड डिस्क तेवढी राहिली, ती डबीत घालून वायरीनं जोडलीय.
त्या डिस्कमध्ये माझी सुमन आहे. अहमदपूरच्या शाळेत वर्गाला चालीवर कविता म्हणताना.

१३ फेब्रु.
सकाळी सुरू केलं. पहिली कविता पावसाची, मग पाखरांची. सुमन ओळ म्हणते, मागून पोरं. एक पोरगं कायम अर्धी ओळ मागे, त्यावर तिचं हसू. शेवटी नदीची. ती यायच्या आधीच लाईट जायची वेळ झाली म्हणून मीच बंद केलं.
पुढं ढकलता येत नाही. जुना प्रोग्राम, दर वेळी पहिल्यापासून ऐकावं लागतं. तक्रार नाही.

नदीच्या कवितेची चाल तिनं स्वतः लावलेली. दोन कडवी मला येतात, अंघोळीला बसलो की म्हणतो. तिसऱ्यात चाल वर जायची. कुठून, कशी... जिभेवर येते आणि जाते. मी उभा जन्म मराठी शिकवलं, पण चाल तिची. कागदावर उतरत नाही ती.

१६ फेब्रु.
मीनलचा फोन. फोटो पाठवले होते काळ्या पडद्याचे. म्हणाली, “मेमरी कमी पडत असेल.” तिकडं बसूनच, नेटवरून, वाढवली. डिस्कवरचं सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचं परत बघितलं, मध्येच अडकलं. “नका अप्पा जास्त छळू तिला. म्हातारी झालीय. असं सारखं कोसळत राहिलं तर एक दिवस उघडणारच नाही.”
डिस्कबद्दल बोलत होती.

२२ फेब्रु.
चार-सहा दिवस कोसळलं नाही; नदीच्या आधी रोज लाईट जायची वेळ आडवी आली, एवढंच. मीनलला कळवलं, जमलं. आज नळ आला, पळालो, दोन घागरी आणि टाकी भरली. आलो तर काळा पडदा.
शेजारचे शिवराजअप्पा (किराणावाले, मूळ उदगीरचे) बघायला आले. “गुरुजी, बाई जाऊन इतके दिवस झाले, अजून त्यांच्याच मागं लागून राहिलात?”
म्हटलं, “हाव, लागलोय.”
“मग लागा. आमची तर जिती हाय तरी ऐकून घेत न्हाई.”

२७ फेब्रु.
मीनलनं आता पाहुण्याला एकच प्रोसेसर ठेवलाय. लॅपटॉपला झोपू द्यायचं नाही, अशीही सोय केली. तिचा आवाज थकलेला. “नेमकं कधी पडतं अप्पा? तुम्ही समोर असताना कधीच कसं नाही?”
खरंय. मी समोर असलो की चालतं. उठलो की जातं. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर ती तरी कशाला म्हणेल. मीनलला हे सांगितलं नाही.

४ मार्च
पाणी नाही. विहिरीवर टँकर, तिथं रांग. शिवराजअप्पा उदगीर जिल्ह्यासाठी धरण्याला जाऊन आले. “जिल्हा झाला की तुमचं अहमदपूर आमच्यात घेतो बघा.”
म्हटलं, घ्या, पण पाण्यासकट घ्या.
लातूर जिल्हा झाला तेव्हा सुमननं फळ्यावरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहिलं होतं. अक्षर वळणदार. मग खडूचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, “गाव तेच, वर्ग तोच, उगंच नवं नवं वाटायलंय.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिची शाळा परत एकदा जिल्हा बदलणार की काय.

८ मार्च
गुडघा सुजला. खुर्चीतून उठवेना. कविता लावून बसलो. नदी सुरू झाली, पहिलं कडवं, आणि गल्लीत ओरडा: “नळ आला, नळ आला!”
शिवराजअप्पा आत आले. “बसा गुरुजी, मी चालू करतो तुमची मोटार.” आमच्या गल्लीत मोटार नळालाच लावलेली, प्रत्येकाची. नाहीतर थेंब चढत नाही. त्यांनी बोर्डावरचं बटण दाबलं.
बल्ब लाल झाला. डिस्कच्या डबीचा निळा दिवा विझला. परत लागला. सुमन ओळीच्या मध्यात तुटली.
डबीची पिन मोटारीच्याच बोर्डाला! मीच खोचलेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला कळतही नाही. इकडं पाहुण्याच्या पायाखालची जमीन निघून जाते. आणि आजवर बटण दाबून मीच बाहेर पळत होतो, घागरी घेऊन.

मीनल आधी हसली, मग रागावली. “मी इथं मेमरी, प्रोसेसर बदलत बसलेय आणि तुम्ही मोटारीच्या बोर्डावर!” मग: “आईची चाल मलाही ऐकव हं.” लहानपणी म्हणायची तसं, एकेरी.

९ मार्च
इन्व्हर्टरचं सॉकेट फक्त स्वयंपाकघरात. तिथं मांडलं सगळं, ओट्यावर, तिच्या डब्यांशेजारी. पहिल्यांदा उघडलंच नाही. डिस्क करकरली. दुसऱ्यांदा उघडलं. आज लावत नाही. आज तिला विसावा.

११ मार्च
सकाळी लावलं. मीनल फोनवर. पाऊस, पाखरं. नदी. पहिलं कडवं. बाहेर गलका, नळ आला. शिवराजअप्पांना खिडकीतून म्हटलं, तुम्हीच भरा आमचंही. मोटारी सुरू झाल्या, बाहेरच्या खोलीतला बल्ब लाल झाला. निळा दिवा तसाच. दुसरं कडवं पुरं झालं.
आणि आवाज थांबला.
मीनल म्हणाली, “गेलं का?”
पडदा बघितला. काळा नाही. खालचा वेळेचा काटा सरकतोय. मग सुमनचाच आवाज, लांबून: “थांबा रे पोरांनो, हौदावर पाणी आलं. घागर लावून येते.”
चपलांचा आवाज. दार. पोरांचा दंगा, बाकं सरकवणं. लांब कुठं तरी बादलीची कडी. तेव्हाही दुष्काळच होता की.
काट्याला अजून बरंच अंतर आहे, पुढं सरकतोय.
हे लिहितोय ते ओट्याशी उभं राहून. ती अजून आलेली नाही.