मासे आले की या

।। श्री ।।
पिपलानी, भोपाळ
१५ जून १९९७

ती. विजयाताईंस,
अच्युतचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या धाकट्या बहिणीची तब्येत आहे तशीच आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. त्या दिवशी मालती पार गळून जाते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोळ्या किती जाड होतात ते सांगण्याइतकी सावरते. प्रवासाला मात्र डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. परवा ग्लानीत सारखी मला वेंगुर्ल्याला न्या, मला वेंगुर्ल्याला न्या म्हणत होती. ऐकवेना. मग ठरवलं, हिला समुद्राकडे नेता येत नाही ना, तर समुद्रच इथे आणू.

हसू नका. हॉलमध्ये तिच्या पलंगासमोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करतोय. प्रवाळ, रंगीत मासे, सगळं. शेजारच्या मनोहर सोनकुसऱ्यांनी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून दिला. मुंबईचा दुकानदार म्हणाला, नवशिक्याला लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात केलेली चूक लगेच अंगाशी येते. पण क्वार्टरचा हॉल तो केवढा, शेवटी तीन फुटांवर भागवलं. मीठ त्याच्याकडूनच मागवलं. मालती म्हणते, मला भाजीत चिमूटभर नाही आणि काचेला बादलीभर.

आधी खारं पाणी, मग समुद्रातले जिवंत दगड, आणि मग नुसतं थांबायचं. त्या दगडांतले सूक्ष्म जीव पाणी तयार करतात. त्याआधी मासा सोडला तर तो मेलाच म्हणून समजा. नवशिके इथेच घाई करतात. मी करणार नाही. दिवाळीला मासे सोडायचे असं धरून चाललो आहे. जानेवारीत मी रिटायर होणार, म्हणजे या क्वार्टरातली ही शेवटचीच दिवाळी. तेव्हा विनंती अशी, की आषाढातलं येणं तुम्ही दिवाळीवर न्यावं. मासे आणि ताई एकदमच येऊ देत. पेशंटला वाट पाहायला काहीतरी हवं, असं डॉक्टरही म्हणतात.

लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.
आपला,
अच्युत


।। श्री ।।
वेंगुर्ला
२६ जून १९९७

श्री. अच्युतराव यांस,
विजयाचे स. न. वि. वि.

समुद्र विकत आणणारा जावई आमच्या घराण्यात तुम्ही पहिलेच. इथे आमच्या दारात फुकट पडलाय, कोणी ढुंकून बघत नाही. पोरवयात मालू तर त्याच्याकडे पाठ करून बसायची. वाऱ्याने केस चिकट होतात म्हणून तक्रार, आणि वाळू भरते म्हणून चपलांची तक्रार. तिला समुद्राचं एवढं वेड कधीपासून लागलं ते मला माहीत नाही. पण संसार तुम्ही केलात, तुम्हाला जास्त ठाऊक.

तिकीट काढलेलं होतं. ते परत केलं. मनाला पटलं असं नाही, पण तिच्या उशाशी तुम्ही आहात, मी नाही. म्हणून ऐकते. तोंडावर सूज आहे का, झोप लागते का, हे कळवा. टाकीबद्दल दोन पानं लिहिलीत आणि तिच्याबद्दल चार ओळी. शाळेत असते तर मार्क कापले असते.

मालूला माझे आशीर्वाद आणि तुम्हालाही. माया पातळ होऊ देऊ नका.
विजया


।। श्री ।।
पिपलानी
२५ ऑगस्ट १९९७

ती. विजूताईस,
मालूचा शि. सा. न.

अक्षर वाकडं आलंय, लावून वाच. हे फॅक्टरीत गेलेत म्हणून लिहिते.

टाकीत दगड आलेत. पाणी आणि दगड, बस. काचेला तपकिरी शेवाळ धरलं तेव्हा मी म्हटलं, घासून काढा हो ते. तर म्हणाले, अगं हीच तर चांगली खूण. घरातली घाण बघून हा माणूस खूश झालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. रोज नळीत पाणी घेऊन त्याचा रंग तपासतात आणि मला दाखवतात. मी वा म्हणते. मी आजारी पडल्यापासून हसायचेच बंद झाले होते ग, आता शीळ घालतात. पंपाचा आवाज मला झोपू देत नाही, पण ते कसं सांगू?

तुला म्हणून सांगते. मी वेंगुर्ल्याला न्या म्हटलं, त्याचा अर्थ यांनी समुद्र असा घेतला. मला तुझ्या ओट्यावर बसायचं होतं. तू तांदूळ निवडतेयस आणि मी नुसती बसलेय, एवढंच. यांना सांगायला गेले होते, पण तेव्हा हे दगड रचत होते. गुडघ्यावर बसून, चष्मा पुसत पुसत. जीभ रेटली नाही.

दिवाळी खूप लांब वाटते, ताई. घाई करू नकोस. पण उशीरही करू नकोस.

माझ्यावर माया कर.
तुझी,
मालू


।। श्री ।।
वेंगुर्ला
३ सप्टेंबर १९९७

चि. मालूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून रिझर्वेशनला माणूस पाठवला. परवा गणपती बसतोय. गौरी-गणपती बोळवले की १४ तारखेला निघते. मुंबईहून गाडीत बसते आणि तुमच्या हबीबगंज स्टेशनवर उतरते. अच्युतरावांना आधी सांगू नकोस, नाहीतर पुन्हा पाण्याची सबब काढतील. तांदूळ मी इथून आणते, तुझ्या पलंगाशी बसून निवडीन. मासे येवोत न येवोत.

तोवर औषधं टाळू नकोस. फार जीव लागून राहिलाय.
तुझी,
विजूताई


पिपलानी, भोपाळ
३ नोव्हेंबर १९९७

ती. विजयाताईंस,
अच्युतचा नमस्कार.

नऊ सप्टेंबरला तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, त्यानंतर तुमची एक ओळ नाही. तेराव्यालाही तुम्ही आला नाहीत. रागावला असाल, तर तो तुमचा हक्कच आहे. मालतीच्या नावचं तुमचं पत्र ती गेल्यावर दोन दिवसांनी आलं. कोणाला परत करणार, म्हणून उघडलं. तांदळांचं वाचलं आणि खाली बसलो.

मासे धनत्रयोदशीला आले. ऑर्डर मी जुलैतच देऊन ठेवली होती, रद्द करायचं सुचलंच नाही. सोनकुसरे स्टेशनवरून घेऊन आले. पाणी तपासलं तर अगदी हवं तसं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आहे. खातात, पोहतात, एकही दगावला नाही. कॉलनीतले लोक बघायला येतात आणि साहेब, कमाल केलीत म्हणतात. मला टाकीसमोर उभं राहवत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय सुटका नाही. ती जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तिने विचारलं, ताई गाडीत बसली का. मी म्हणालो, मासे आले की येतील. त्यावर ती म्हणाली, मग आजच आणा मासे, मेले तरी चालतील. आणि ताई, मी तिचा हात धरून तिला समजावत बसलो, की पाणी अजून तयार नाही.

आता लोभ मागायला तोंड नाही.
अच्युत


वेंगुर्ला
१५ नोव्हेंबर १९९७

अच्युतराव,

तुम्ही वर श्री लिहिला नाहीत, मीही लिहीत नाही.

रागावले होते. दोन पत्रं लिहिली आणि फाडली, त्यातलं तुम्ही वाचलं नाहीत तेच बरं. राग तुमच्यावर होता तितकाच माझ्यावर. आषाढातलं तिकीट माझ्याच हाताने परत केलं. मालूने ऑगस्टात लिहिलं तेव्हासुद्धा मी गौरी-गणपतीसाठी थांबले. सोवळं-ओवळं सांभाळलं आणि बहीण गेली. तेराव्याला आले नाही, कारण ती नसलेल्या घराची पायरी मला चढवत नव्हती.

मेले तरी चालतील, हे ती माझ्यासाठी म्हणाली, ते कळलं. रडले. ते तुम्ही लपवू शकला असतात. लपवलं नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

तिने वा म्हटलं ते खोटं नव्हतं. तुम्ही शीळ घालता याचं तिला बरं वाटत होतं, तिनेच मला तसं लिहिलं आहे. हे तुम्हाला माहीत असावं.

पुढच्या रविवारी हबीबगंजला उतरते. स्टेशनवर या. घर आवरलेलं नसेल, तुम्ही खंगलेले असाल, डोळ्यांत पाणी असेल, सगळं चालेल. फक्त या वेळी मला थांबा म्हणू नका.

विजया