नवव्या धड्याचं जाळं

१४ जुलै

गेली एकदाची वाचनालयात! इतकी वर्षं त्याच्या पुढूनच मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तालुक्याच्या गावी, मूलच्या बाजारात जाते, पण आत पाय नाही टाकला. पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांचं घर वाटायचं ते. आज पाटी पायरीवर ठेवली न घुसली. कोणी काही बोललं नाही. वासानं दोघं मात्र उठून गेले. जाऊ दे!

तिथली भाग्यश्री मॅडम माझ्या पोरीएवढी असेल. म्हणाली, काकू, कॉम्प्युटरवर मासे वाढवायचा कोर्स आहे, मराठीत, फुकट. मी म्हटलं, फुकट काऊन? काही खोट आहे काय त्यात? हसली. म्हणे, इथली पुस्तकं फुकट वाचतात, तसाच हा. न म्हणाली, शाळा चौथीतच सुटली ना, मग रोज चार ओळी लिहा, वाचायलाही सोपं जाईल. म्हणून ही वही. चार ओळी कधीच्याच झाल्या!

कोर्स कशाला, ते लिहून ठेवते. शाळेमागची बोडी, म्हणजे लहानसं तळं. ग्रामपंचायतीची. बेशरमच्या झुडपांनी भरलेली, म्हशी बसतात तिच्यात. मोठा तलाव पुरुषांच्या मच्छीमार सोसायटीकडे, या लहान्या बोडीकडे कोणी पाहत नाही. आम्ही बचत गटाच्या आठ बाया ती मागून राहिलो. मेंबर अतुलभाऊ म्हणाला, "मासे विकनं येगळं, वाढवनं येगळं. शिकल्याचा कागद आना. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बोडी तुमची." सगळे हसले. मी पण हसली. घरी आली तेव्हा राग आला.

१६ जुलै

रोवणी सुरू. रोज मूलला जायला कोणाला सवड आहे? कोर्सात नऊ धडे. मी गटाला सांगितलं — बांधीत धान रोवताना काय करतो आपण? पात वाटून घेतो. एकटीनं अख्खी बांधी रोवली असं पाहिलं कधी? तसेच धडे वाटू. नाव माझं, फोन माझा. जिला मजुरी नसेल तिनं मूलला जायचं, माझ्या नावावर आपला धडा ऐकून यायचं. सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं!

आठ धडे आठ जणींनी उचलले. नववा राहिला — जाळं न मासे काढणं. त्याला कोणी हात लावेना. आमच्यात बाई मासा कापते, वाळवते, विकते, पण जाळ्याला शिवत नाही. ताराबाई गटात सगळ्यात म्हातारी न तोंडाची सगळ्यात तिखट. म्हणाली, "बाईचा हात लागला का जाळ्यात मासा येत नाई, माय. सोड तो धडा."

सोडला. काढायला पुरुष आहेतच.

१९ जुलै

माझा धडा — गाळ न चुना. व्हिडिओतला माणूस इतका हळू बोलते, जसं काही दाढ दुखून राहिली. मॅडमनं एक बटन दाखवलं. दाबलं तर दुप्पट वेगानं बोलायला लागला! आता कसा वठणीवर आला! आमच्या बुढ्याला पण असं बटन पाहिजे होतं. घनश्याम नाव माझ्या नवऱ्याचं. दिवसाला चार शब्द बोलते, त्यातले दोन कुत्र्याला.

२१ जुलै

ताराबाई धडा ऐकून आली. तिला अक्षर येत नाही, पण कान आहेत ना! मॅडमनं तिच्या कानाला ते ऐकायचं यंत्र लावलं, तर बाई त्या व्हिडिओतल्या माणसाला "हाव गा, हाव गा" म्हणत बसली. मोठ्यानं! पोलीस भरतीवाले पुस्तकात तोंड घालून हसत होते म्हणे. निघताना पडद्याला म्हणाली, "येतो बाबू. पोटभर जेवत जाय, लय सुकला तू."

२४ जुलै

फजिती!

आठही धडे झाले म्हणून परीक्षा द्यायला गेली. मॅडम म्हणाली, आधी सरावाचे प्रश्न घेऊ. बोटुकली — म्हणजे बोटाएवढी पिल्लं — पिशवीतून आणली की आधी काय करायचं? मी म्हटलं, ते रुखमाले माहीत. बरं, माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर? म्हटलं, ते ताराबाईकडे. खाद्य कधी टाकायचं? ते हर्षाकडे, ती आज रोवणीवर आहे.

मॅडमनं चष्मा काढला, टेबलावर डोकं ठेवलं न हसत राहिली. "काकू, परीक्षा एकटीची असते! सगळे धडे एकाच डोक्यात लागतात." तिला वाटलं होतं, बाकीच्या बाया नुसत्या हौसेनं ऐकायला येतात.

मी म्हटलं, मग रोवणी पण एकटीनं करायची काय? ही कुठची रीत? उठली रागानं. दारापर्यंत गेली न परत आली. कारण आणखी एक होतं — नववा धडा पुरा केल्याशिवाय परीक्षा उघडतच नाही.

रागात पाटी पायरीवरच राहिली. अर्ध्या रस्त्यातून परत जावं लागलं.

२६ जुलै

आज बांधीत शाळा भरली!

सगळ्या वाकलेल्या, पाय चिखलात, हातात परं, धानाची रोपं, न जिचा धडा ती बोलते, बाकीच्या ऐकतात. माझ्यासाठी. परीक्षा मी द्यायची ठरली. रुखमा एरवी तोंड उघडत नाही. ती एटापल्लीकडच्या जंगलातली, गोंडाची; नवऱ्यासंगं मजुरीला इकडे आली न इथलीच झाली. आज बोलली: "कतला वरच्या पान्यात राह्यते, रोहू मंधात, मृगळ खाली गाळात. कोनी कोनाचं खात नाई."

ताराबाई म्हणाली, "तिघी जावा एका घरात न भांडन नाई? असे मासे पायलेच पायजे!"

अख्खी बांधी हसली. धुऱ्यावरून, बांधावरून, मालक ओरडला, "हात चालू द्या व, तोंडं काय चालवता!"

मी म्हटलं, "तुमी बी ऐका जी, फुकट हाय!"

घरी येऊन मॅडमला फोन लावला — पिशवी आधी बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी न बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मगच तोंड सोडायचं. बरोबर ना? तिनं विचारलं नव्हतं. मीच सांगितलं.

२९ जुलै

नागपंचमी. आज जमिनीत हात घालायचा नसतो, रोवणी बंद. आठही जणी बसनं मूलला. नववा धडा सगळ्यांनी मिळून पाहायचा ठरलं. पाप लागलं तर वाटून लागेल!

बाकं ओढून बसलो. पडद्यावर माणसानं जाळं फेकलं. ताराबाईनं पदर तोंडावर घेतला. मग पदरातून एक डोळा काढला. मग दुसरा. मग म्हणाली, "मागं घे न व मॅडम, पुन्हा दाखव!"

जाळ्याचं भोक केवढं पाहिजे ते आज कळलं. दोन बोटं जातील एवढं. म्हणजे लहाना मासा निसटते न पुढं मोठा होते. इतकी वर्षं पाटीत चिल्लर मासळी आली की मी बुढ्यावर खेकसत होती. कारण जाळ्याच्या भोकात होतं, कोणाला माहीत!

सगळं छान. शेवटी एक ओळ आली — जाळं हातात धरलेला आपला फोटो पाठवा. फोटो नाही तर परीक्षा नाही.

बसमध्ये ताराबाईनं पुन्हा पदर तोंडावर घेतला.

३० जुलै

बुढा ओसरीवर जाळं शिवत बसला होता. म्हटलं, "हे घडीभर द्या जी. फोटो काढते न परत देते."

मान वर नाही. "तुया सासूनं धरलं होतं काय कवा?"

"तिले बोडी कुठी मिळून राह्यली होती!"

उठला. जाळं गुंडाळलं न आड्याला टांगलं. उंच, माझा हात पोचत नाही तिथं. जेवताना मात्र विचारते, "तुया धड्यात भोक केवढं सांगतलं?" चिडवायला! मी दोन बोटं त्याच्या नाकासमोर धरली न ताट आपटलं.

३ ऑगस्ट

ताराबाईचं डोकं! म्हणे, मच्छरदाणी पण जाळीच ना, व? हर्षाच्या घरची मच्छरदाणी आणली. मी बोडीत गुडघाभर पाण्यात उभी राहिली, दोन्ही हात पसरून. मागून म्हैस पाहून राहिली होती. फोटो गेला. झालं काम!

५ ऑगस्ट

काम नाही झालं. कोर्सवाल्यांचं उत्तर आलं — 'कृपया मासेमारीच्या जाळ्यासह छायाचित्र पाठवावे. म्हैस छान आहे.'

७ ऑगस्ट

बुढा रोज सांजच्याला सोसायटीच्या खोलीवर जाऊन बसते. जेवायला येते तेव्हा बोटं कापलेली. पत्ते खेळून बोटं कापतात काय? विचारलं नाही. आम्ही बोलून नाही राहिलो.

आज तो गेल्यावर खाटेवर स्टूल ठेवला. चढली. हात जाळ्याला लागणारच होता. मग उतरली. फोटो चोरून निघेल. पण बोडी भेटल्यावर? मासे आम्ही वाढवायचे न काढायच्या दिवशी पुरुषांच्या तोंडाकडे पाहत काठावर बसायचं? दर वेळेला चोरी करू काय?

मॅडमचा फोन आला होता. उचलला नाही.

९ ऑगस्ट

बांधीत सांगून टाकलं — संपलं. बोडी म्हशींची. सगळ्या वाकून परं लावत राहिल्या.

तेवढ्यात रुखमा, हळूच: "आमच्या गावात बायाच जाळं धरतात. नाल्यात. मायं हाय घरी."

सगळ्यांचे हात थांबले. मी ओरडली, "न इतके दिवस बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलू देता कवा, बाई?"

ताराबाई धुऱ्यावर जाऊन बसली न इतकी हसली की ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. मी परत परं लावायला वाकली. बोलली ते खरं आहे.

घरी जाताना रुखमाकडे गेली. लहानसं हातजाळं, बांबूच्या कामटीचं. तिच्या मायनं दिलेलं. धरलं. डोळे मिटून — इथं लिहिते, कोणी वाचत नाही. फोटो तिनंच काढला. म्हणाली, "हसा न बाई, जाळं हाय, साप नाई."

११ ऑगस्ट

फोटो पास!!

१३ ऑगस्ट

परीक्षा दिली. मॅडम बाजूला बसली, पण तिनं बोलायचं नाही असा नियम. बिचारी ओठ दाबून बसली. मला मात्र प्रश्न आला की आवाज ऐकू यायचे. पांढरे ठिपके — ताराबाई कानात ओरडली. वरच्या पाण्यात कोण — रुखमा. खाद्य — हर्षा. सगळ्या तिथं होत्या! चुकला तो एकच प्रश्न. चुन्याचा. माझाच धडा! दुप्पट वेगानं ऐकला ना.

पास झाली. मशीनमधून कागद निघाला, गरम होता भाकरीसारखा. नाव — अन्नपूर्णा घनश्याम मांढरे. मी म्हटलं, बाकीची सात नावं पण टाका. मॅडम म्हणे, तसं करता येत नाही काकू. मग मी पेन घेतला न मागच्या बाजूला लिहिली. माझ्या हातानं, सातही. ताराबाईचं पहिलं, नाही तर जीव खाल्ला असता तिनं.

१५ ऑगस्ट

झेंडा झाला, पोरांना जिलेबी झाली, ग्रामसभा बसली. कागद टेबलावर ठेवला. अतुलभाऊनं वाचला, उलटा केला, मागची नावं पण मोठ्यानं वाचली. म्हणाला, "मी मस्करीत बोललो होतो, बाई."

मी म्हटलं, "मी नाई."

दिली बोडी! शब्दाला जागला माणूस. टाळ्या पण वाजल्या. मागून कोणी तरी म्हणालं, "मासे काढाले आमालेच बलावसान ना?" पुरुष हसले. बुढा खांबाला टेकून उभा होता. हसला नाही. तसाच सोसायटीकडे निघून गेला. सगळ्या आनंदात तेवढं एक खुपलं.

आम्ही तिथूनच बोडीवर. विळे कोणी आणलेच नव्हते. बेशरम हातानंच उपटायला लागलो, सणाच्या लुगड्यांवर!

६ सप्टेंबर

बोटुकली सोडली. पिशव्या पाण्यावर ठेवल्या. थोड्या वेळानं मी म्हटलं, पुरे झालं, सोडा आता. रुखमा म्हणाली, "थांबा."

थांबली! मी!

मग तिनंच तोंडं उघडली. पाणी जरासं हललं न पिल्लं गेली. ताराबाई ओरडली, "पोटभर जेवत जा व!"

७ सप्टेंबर

सकाळी ओसरीवर जाळं. नवं. फेकायचंच, पण लहान न हलकं. कोणाचं आहे, म्हटलं. बुढा चहा पीत होता.

"मायं तुले जड झालं असतं. सोसायटीत बसून हे विनलं." एका दमात एवढे शब्द! मग बशीत पाहत म्हणाला, "भोक बरोबर हाय का पाय."

दोन बोटं घातली. गेली.