टाकीचा पन्हा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनातच). तुझा खोकला गेला असेल. वहिनींनाही नमस्कार सांग.

आईचं मनगट मोडल्यापासून तिला तांब्याही उचलवत नाही. सुनेनं अंघोळ घालायची म्हणजे तिला लाज वाटते. रोज डोळे घट्ट मिटून बसते. शॉवर आहे, पण आम्ही वरच्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर, आणि पाणी येतं ते सुईत ओवण्याइतकं. बघवेना, म्हणून मी टाकीच बदलली. जन्म शिवणकामात गेला. कापड पुरलं नाही की मोठ्या पन्ह्याचं घ्यावं, एवढंच मला कळतं. तशी दुप्पट रुंदीची टाकी आणली. (जिन्यातून जाईना. चौघांनी दोर लावून गच्चीवर ओढली, त्यात एका खिडकीचा बळी गेला.) शॉवर सोडला, तर धार होती तेवढीच.

प्लंबरशी मी हमरीतुमरीवर आलो. त्यानं हिचा तेलाचा रिकामा डबा उचलला, वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं पाडली आणि पाणी भरलं. वरच्या भोकातलं पाणी डब्यालाच चिकटून ओघळलं, खालच्यातलं थेट माझ्या पायजम्यावर. म्हणाला, "मास्तर, पाणी रुंदी बघत नाही. डोक्यावर किती उंच पाणी उभं आहे, तेवढंच बघतं."

मग मीच बादली घेऊन हिंडलो. खाली अंगणातल्या नळाला ती मिनिटात भरली, आमच्याकडे चार मिनिटं. टाकी एकच, पाणीही तेच. टाकी दहा फूट उंच करावी, तर गच्चीला ते ओझं पेलणार नाही म्हणे. तेव्हापासून मी आपला विचार करत बसलोय. जो सगळ्यांत खाली, त्याच्यावर सगळ्यांचा भार. आपल्या घरात खाली कायम आईच होती. गळ्यात जन्मभर टेप अडकवून फिरलो, पण तिच्यावरचा भार कधी मोजला नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
धाकटा

ता.क. वाटणीच्या भांडणापासून तळमजल्यावरच्या तुझ्या खोल्या बंद आहेत. आईला तिथं राहू दे. तेव्हा मी बोललो ते माझं चुकलं. चावी पाठव.

आणखी ता.क. चावीची घाई नाही. कुलूप सकाळीच तोडलं. आई तासभर तुझ्या शॉवरखाली आहे, आतून स्वतः कडी लावून. काळजीनं दार वाजवलं, तर म्हणाली, "इतक्यात कोणी हाक मारू नका."