तारंचा म्हसोबा

डिंगोरे
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय पीयूष,

जय जिनेंद्र. हाताने लिहिलेलं पाकीट बघून आधी उलटंसुलटं करशील, मग अक्षर ओळखशील आणि बाजूला ठेवशील. ठेवू नकोस. नाशिकचा पत्ता सज्जनकाकूंनी दिला. जुन्नरला तुमच्या दुकानात गेलो होतो. काकूंनी चहा दिला, पत्ता दिला आणि "आमच्या पोराचं वजन वाढलंय" एवढंच सांगितलं. घेवरचंदकाकांनी पेपरातून मान वर केली नाही.

इकडे सगळे ठीक. आई बरी आहे, गुडघे सोडून. श्रेया सातवीत गेली आणि बापाला मोबाइल शिकवते.

कामाचं सांगतो. विद्यापीठाच्या आपल्या उपकेंद्राचं नेटवर्क नवं होतंय. खरोखर. नवी फायबर, नवे स्विच, प्रत्येक वर्गात वायफाय. आजवर मुलं परीक्षेचा फॉर्म भरायला पाण्याच्या टाकीवर चढत होती. तळेघरकडची पोरं तर तोंडावर म्हणतात, सर, आमच्या डोंगरावर याच्यापेक्षा बरी रेंज आहे. मार्चमध्ये परीक्षा ऑनलाइन आहेत, त्याआधी उरकायचंय.

पुण्याहून हर्षाली नावाची इंजिनिअर आलीय. वय सव्वीस, आणि प्रश्न विचारण्याचा आजार. ही वायर कुठं जाते? ही मध्येच का कापली? या पेटीत पाली कशा शिरल्या? तेरा वर्षांत मला एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते आणि खोटं कशाला बोलू, मजा येते. काल ग्रंथालयाच्या माळ्यावर चढलो तर जुन्या स्विचवर तू चिकटवलेली चिठ्ठी सापडली. 'बंद करू नये. कोणी केल्यास अमृतला सांगावे.' स्विच मेलाय, चिठ्ठी शाबूत आहे.

मुख्य इमारत ते ग्रंथालय अशी आपण जमिनीखालून टाकलेली केबल तुला आठवत असेलच. तिच्याच वाटेने नवी टाकायची आहे. ऑफिसात नकाशा नाही. तुझ्या वहीत होता. झेरॉक्स पाठवशील का? एवढंच काम होतं.

आणखी एक, बारीकसं. हर्षाली २०१३चा चौकशी समितीचा अहवालही नव्या फाइलला जोडतेय. 'ठेकेदाराच्या निकृष्ट जोडकामामुळे केबल निकामी.' ठेकेदार तू, त्यामुळे तुला पाठच असेल. खाली पुन्हा माझी सही लागणार आहे.

तुझा,
अमृत


डिंगोरे
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय पीयूष,

उत्तर आलं नाही. येईल असं म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी पोस्टमनची गाडी वाजली की कान तिकडे जातो.

आज एक गंमत सांगायचीय, तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. केबलच्या जोडावर खूण म्हणून आपण ओढ्यातून एक धोंडा आणला होता, आठवतं? दोघांनी, मध्ये चारदा टेकवत. त्यावर कोणी खणू नये म्हणून गेटचा उरलेला शेंदरी रंग मी फासला. पीयूष, तो धोंडा देव झालाय. शेंदराचे थर इतके चढलेत की मूळ आकार राहिलेला नाही. परीक्षेच्या दिवशी पोरं रांग लावतात. आखाडात नारळ, कोंबडं, निशाणाची काठी, सगळं.

हर्षालीने झाडलोट करणाऱ्या सखूबाईंना विचारलं, याचं नाव काय?

"तारंचा म्हसोबा. खाली तार हाय नव्हं, ती राखतोय."

"कोणी बसवला?"

"बसवला आसंल कुना पुण्यवान मानसानं."

मी उगाच टाकीकडे बघत राहिलो. तू जैनाचा मुलगा, तुझ्या हातून म्हसोबा बसला, हे सांगायला आख्ख्या कॅम्पसवर एक माणूस नव्हता.

आता गंमत संपली. चर खणत आले आणि देवाच्या तीन हात अलीकडे जेसीबी थांबला. गोरख, तो जेसीबीवाला, खाली उतरून म्हणाला, "साहेब, मी रिकामा परत जातो, पन याला बकेट लावनार न्हाई." सखूबाईंनी रीत सांगितली, "ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा. दुसऱ्याच्या हातानं न्हाई उठत त्यो." गावाला मान्य, संचालकांनाही मान्य.

मी म्हटलं, लिंबाच्या बाजूने वळसा घालू. हर्षालीने तपासणीचं मशीन माझ्यासमोर धरलं. केबल कुठं तुटलीय ते मीटरमध्ये सांगतं ते. "सर, एकशे त्रेचाळीसवर तुटलीय. दगड बरोबर तिथंच आहे. खाली काय झालंय ते तुम्हाला बघायचं नाही का?"

बघायचंय. मला बारा वर्षं बघायचंय. पण मी म्हणालो, वेळ नाही.

तेव्हाही आकडा एकशे त्रेचाळीसच होता. समितीने मला विचारलं होतं, खणून बघायचं का? मी म्हणालो, गरज नाही, जोडच कच्चा आहे, खांबांवरून दुसरी वायर टाकू. ते वाक्य तुझ्यासमोर बोललो होतो, म्हणून नवीन काही सांगत नाहीये. नवीन जे आहे ते आज लिहवत नाही.

अमृत


डिंगोरे
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय पीयूष,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत पत्र नव्हतं, झेरॉक्सही नव्हती. वहीचं मूळ पान होतं. ते मी इतक्यांदा उघडलंय की घडी फाटायला आलीय.

१४३ मीटरला तू पेन्सिलीने लिहिलंस: 'इथे काळा खडक. केबल वीतभर खोल, पाइप नाही. अमृत म्हणाला, उद्घाटन होऊ दे, नंतर ब्रेकर आणून नीट करू.' खाली तारीख, आणि माझी सही. सही केल्याचं मी साफ विसरलो होतो.

आता लिहितो. तू खडक फोडायचा ब्रेकर आणायला आळेफाट्याला निघाला होतास, गाडीची किल्ली हातात होती. मी अडवलं. पाहुणे परवा येणार होते आणि मी सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर होतो. 'नंतर' कधी आलंच नाही. पुढच्या आखाडात केबल गेली, मशीनने आकडा दाखवला, आणि मला उभ्या जागी कळलं की ही माझी वीतभर जागा आहे. खणलं तर दिसेल, म्हणून खणू दिलं नाही. तुझा जोड चांगला होता. मला माहीत होतं.

समितीच्या खोलीत तुझ्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तू ती उघडलीस, माझ्याकडे बघितलंस आणि मिटलीस. त्यात काही नसेल असं मी मनाला समजावलं. त्यात हे पान होतं. का नाही दाखवलंस? हा एकच प्रश्न मी मंगळवारपासून विचारतोय, हर्षालीच्या वरताण. माझी नोकरी जाईल म्हणून? की मीच बोलेन म्हणून वाट बघत होतास?

मी बोललो नाही. तालुक्यातल्या कॉलेजांनी तुला काम देणं बंद केलं तेव्हाही नाही. तू बॅगा घेऊन नाशिकच्या एसटीत चढलास, त्या दिवशी फाट्यावर समोरच्या हॉटेलात मी मिसळ खात होतो. तू दिसल्यावर आत मोरीकडे जाऊन उभा राहिलो. एसटी गेल्यावर बाहेर आलो आणि उरलेला पाव खाल्ला. हे कुणालाच माहीत नाही.

बुधवारी पान हर्षालीच्या हातात दिलं. तिने वाचलं, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. मग देवाला न हलवता आम्ही चराच्या बाजूने हाताने माती काढत गेलो. केबल सापडली. जोड जसाच्या तसा, तुझ्या टेपसकट. त्याच्या चार बोटं अलीकडे भोक. चिमाजी वॉचमन वाकून बघत होते, ते म्हणाले, "ही तर माझी पहार. निशानाला भोक पाडताना पयल्याच साली मऊ लागलं व्हतं. मी म्हटलं, मूळ आसंल." बिचारे फार खजील झाले. मी सांगितलं, चिमाजी, केबल मीटरभर खोल पाइपात असती तर तुमची पहार पोचलीच नसती. तुमचा दोष नाही.

एवढं बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. गुरुवारी संचालकांना लेखी दिलं. 'केबल निकामी होण्यास अपुरी खोली कारणीभूत. तो निर्णय माझा. ठेकेदाराचे जोडकाम निर्दोष. २०१३चा निष्कर्ष माझ्या चुकीच्या माहितीवर आधारित.' प्रत सोबत जोडलीय. एक प्रत जुन्नरला दुकानात दिली. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बस." त्या एका शब्दाचा अर्थ मी अजून लावतोय. माझी चौकशी होईल. होऊ दे, श्रेयालाही सांगून टाकलंय.

राहिला देव. सखूबाईंना सांगितलं, तो मी बसवला. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"एकल्यानं?"

"नाही. दोघांनी."

"मंग त्यो दुसरा कुठं हाय?"

मी तुझं नाव सांगितलं, नाशिकला असतोस म्हटलं. मग त्यांनीच ठरवलं, देव दोघांनी मिळून उठवायचा, शनिवारी, १ मार्चला, सकाळी दहाला. कोंबडं रद्द केलंय. "शेट खात न्हाईत, नारळावर भागवू, म्हसोबा समजून घील."

तू नाही आलास तरी वळसा घालून केबल जाईल, मुलांचं नेट चालू होईल. लेखी दिलेलंही तसंच राहील, ते तुझ्या येण्यासाठी दिलेलं नाही. पण काल संध्याकाळी आसपास कोणी नसताना मी धोंडा एकट्याने हलवून बघितला. माझी बाजू जरा उचलली गेली, तुझी नाही.

एका बाजूला हात लावून,
अमृत