गोंदावरची करंगळी

विचिटा, कॅन्सस
१४ ऑक्टोबर

लोवेल,

बरा असशील. इकडे मिलो ज्वारी कापून झाली, वाऱ्याबरोबर धूळ घरात येते. कुत्रं अजून तुझ्याच खुर्चीवर झोपतं. तू कायमचा घर सोडून गेलास, हे त्याला कुणी समजवावं?

शनिवारी मी मोठ्या रॉकेटच्या परवान्यासाठी उतरले. हसलास ना? "मार्लिस, आधी पॅराशूटची घडी घालायला शीक," असं तू साऱ्या रॉकेट क्लबसमोर म्हणाला होतास. तुझ्या पॅराशूटच्या घड्या कोण घालायचं, ते मी तेव्हा बोलले नाही. असो.

तपासायला क्लबची जुनी परीक्षक वेर्ना होती. नियम तुला पाठच आहे, नवख्यांना त्यावर भाषणं देतोस: जो उडवणार त्यानंच बांधायचं. म्हातारीनं पंखांच्या मुळाशी बोट फिरवलं आणि थांबली.

"पोरी, हे लोवेलचं काम. गोंदाच्या कडेत ही बारीक रेघ त्याच्या परवान्याच्या दोन्ही रॉकेटांवर आहे. तू नाही बांधलंस हे. मी उडवू देणार नाही."

तुझं काम! बल्ब कुठल्या बाजूला फिरवायचा तेही ज्याला विचारावं लागतं, त्याचं!

मी तिच्या पिकअपच्या फळीवर गोंद कालवला, सुटा पंख रिकाम्या नळीला टेकवला आणि कडेनं करंगळी फिरवली. तू मागे न बघता ओढलेल्या गॅरेजच्या दारात सापडून वाकडी झालेली, तीच. तशीच रेघ उमटली.

गोंद सुकल्यावर वेर्नानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याची दोन्ही...?"

"वेर्ना, आज परीक्षा माझी आहे."

रॉकेट सरळ वर गेलं, पॅराशूट उघडलं, कापलेल्या रानात अलगद उतरलं. ओरखडासुद्धा नाही. तिनं सही केली.

तुझे दोन्ही परवाने खोटे आहेत. 'मीच बांधलं' म्हणून तू सही ठोकलीस तेव्हा शेजारी उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. तुला मोठा झालेला बघायची मला फार हौस होती रे. तुझी कीव येते, पण त्या टाळ्यांची लाज वाटते.

वेर्नाला मी पुढे काही सांगितलं नाही. पण पुढच्या शनिवारी क्लबात ती तुझ्यासमोर गोंद कालवून ठेवणार आहे, असं तीच म्हणाली. त्याआधी परवान्याचं कार्ड परत करून टाक. तुझी करंगळी सरळ आहे.

बांधणारी,
मार्लिस